कर्मजन

काजवाल्या मावशींच्या नवऱ्याला गल्लीत सगळे नाहीसाहेब म्हणत. तोंडावर अर्थातच नाही. हे नाव त्यांच्याबरोबर कारखान्यातून आलं होतं. यंत्रं बनवायच्या त्या कारखान्यात ते सामानाच्या कोठीवर होते. जाळीच्या खिडकीमागे बसायचे, आणि खिडकीशी कुणी येऊन उभं राहिलं की त्याचं तोंड उघडायच्या आत ‘नाही’ म्हणायचे. स्क्रू मागा, नाही. हातमोजे मागा, नाही. हात पुसायला चिंधी मागा, तर ‘कालची कुठे गेली?’ सामान शेवटी मिळायचं, पण मागणाऱ्याला आपण चोरी करायला आलोय असं वाटल्याशिवाय मिळायचं नाही.

निवृत्त झाल्यावर कोठी सुटली, पण ‘नाही’ सुटलं नाही. मधली जाळी तेवढी गेली.

चहा कढत असला की माझी जीभ भाजायचा बेत आहे, कोमट असला की मी काय आजारी आहे? दाराची कडी वाजली की कोण कडमडलं, आणि दिवसभर वाजली नाही की सगळे आपल्या वाईटावर. खिडकी उघडली की धूळ, लावली की कोंडमारा. तिरसट, तुसडा, खडूस, घुमा, किरकिऱ्या. अशा माणसासाठी आपल्याकडे शब्दांचा तुटवडा नाही. मावशींनी ते सगळे मनातल्या मनात, सुईत दोरा ओवता ओवता, वापरून गुळगुळीत केले होते.

तक्रार करायला मात्र जागा नव्हती. नवरा पीत नव्हता, हात उचलत नव्हता. शेजारीण म्हणायची, “काही म्हणा मावशी, निदान अंगाला तरी हात लावत नाहीत.” जसं काही हात न उचलणं ही नवऱ्याने दर वाढदिवसाला आणलेली भेटच. मावशी मान डोलवायच्या आणि पुढचं काज धरायच्या.

त्या कोटांची काजं करत. शर्टाची काजं आता मशीनवर होतात, पण जाड कोटाचं काज हातचंच लागतं, असं गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले टेलरमास्तर गिऱ्हाइकाला सांगत, आणि कोट बोचक्यात बांधून मावशींकडे पाठवत. खडूने खूण करायची, बारीक कात्रीने चीर द्यायची, आणि मेण ओढलेल्या दोऱ्याने चिरेच्या कडेकडेने गाठीला गाठ लावत जायचं. पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी त्यांचं बूड टेकायचं स्टूल होतं. त्यांच्या पाठीमागे, आरामखुर्चीत, नाहीसाहेब. सुई कापडातून जाताना होणारा आवाजही त्यांना खपत नसे.

“काय ते सारखं कुर्र कुर्र.”

“दोऱ्याचा आवाज आहे हो तो.”

“मग दुसरा दोरा आण.”

मावशींची धाकटी बहीण दुसऱ्या गावात राहायची. तिचा नवरा गेल्याला आता बरीच वर्षं झाली होती. तळमजल्यावर ती, वर एक भाड्याने द्यायची खोली, खोलीला गच्ची. तिचा फोन यायचा तो मावशी स्वयंपाकघरात जाऊन, नळाकडे तोंड करून घ्यायच्या.

“ताई, वरची खोली रिकामी झाली,” ती त्या दिवशी म्हणाली. “आता तरी ये.”

“अगं, काम आहे इथे.”

“काजं काय तिथेच होतात? शिंपी काय सगळे तुझ्याच गल्लीत जन्माला आलेत?”

“आणि यांचं?”

“त्यांना काय झालंय? स्वतःच्या हाताने चहा केला तर निदान नावं तरी कुणाला ठेवणार? हे बघ, इथल्या दवाखान्यातली एक नर्स खोली मागतेय. चांगली मुलगी आहे. तिला मी अजून हो म्हटलं नाही. तू सांग.”

मावशींच्या डोळ्यांपुढे ती गच्ची आली. तिथे ऊन होतं, आणि एक खुर्ची, जिच्यात कुणीही बसलेलं नव्हतं.

“मुलगा आणि सून यायचे आहेत,” त्या म्हणाल्या. “त्याच्याशी बोलते. मग सांगते.”

परवानगी त्यांना नको होती. त्यांना एवढंच हवं होतं की आपल्या पोटच्या पोराने एकदा तोंडाने म्हणावं, जा आई. म्हणजे मग आपण काही वेड्यासारखं करत नाही एवढी खात्री झाली असती. त्या खात्रीवर त्या बोचकं बांधून निघाल्या असत्या.

मुलाचं लग्न होऊन थोडे महिनेच झाले होते. सून मोठ्या कंपनीत होती, दिवसभर फोनवर परदेशातल्या लोकांची गाऱ्हाणी ऐकून घ्यायची. त्यामुळे असेल, पण सासऱ्यांच्या कुरकुरीने ती दबली नाही. दोघं आले त्या दुपारी जेवायला बसल्यावर नाहीसाहेबांनी सुरुवात केली. भाजीत मीठ कमी. मग भाजी म्हणायची कशाला हिला. पंखा फार जोरात. हळू केल्यावर, बंदच करा ना. मुलगा मान खाली घालून जेवत होता. लहानपणापासून तो तसाच जेवत आला होता. मावशी मीठ आणायला उठल्या, आणि सून घास हातात धरून खळखळून हसली.

“बाबा, तुम्ही ना अगदी कर्मजन आहात!”

मुलाला ठसका लागला. मावशींच्या हातात मिठाचं भांडं तसंच राहिलं.

नाहीसाहेबांनी सुनेकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरची आठी हलली. मग, मावशींनी लग्नानंतर क्वचितच पाहिलेली गोष्ट घडली. ती आठी गेली.

“काय म्हणालीस?”

“कर्मजन,” सून अजून हसतच होती.

“कर्मजन.” त्यांनी शब्द तोंडात घोळवला. “कर्म म्हणजे काम. जन म्हणजे माणूस. कामाचा माणूस.” त्यांनी मुलाकडे बोट केलं. “बघ. परक्या घरातून आलेल्या पोरीला दिसतं. शुद्ध शब्दही येतात तिला. तुला येतो का असा एक?”

मुलगा पाण्याचा पेला तोंडाला लावून बसला होता. सून नवऱ्याकडे बघत होती, सांगू का, अशा अर्थाने. त्याने पेल्याआडून नको म्हणून मान हलवली. नाहीसाहेबांनी ती भाजी, कमी मिठाची, संपवली आणि आणखी मागितली.

जेवणं झाल्यावर सून बशा पुसायला स्वयंपाकघरात आली आणि तिला हसू आवरेना.

“आई, बाबांना ते आवडलं हो!”

“मग? न आवडण्यासारखं काय बोललीस?”

“अहो आई, तो इंग्रजी शब्द आहे.”

“कर्मजन?”

“हो. म्हणायचा तसाच. लिहिताना त्यात मध्ये एक डी पण असतो. तो नुसता लिहायचा, म्हणायचा नाही.”

“मग ठेवलाय कशाला?”

सुनेला हे सांगता येईना. “असतो बाई,” ती म्हणाली. असतो, आणि कुणी त्याचं नाव घेत नाही. मावशींना त्या डीची ओळख पटल्यासारखं झालं.

“पण म्हणजे काय?”

“म्हणजे... कुरकुर करणारा म्हातारा. सदा वैतागलेला, सगळ्यात खोट काढणारा. पण वाईट नाही हं आई तो शब्द! कधी कधी रागाने म्हणतात, पण बऱ्याचदा प्रेमानेच. सिनेमात असतो ना एक असा आजोबा, सगळ्यांवर खेकसतो आणि शेवटी कुत्र्याच्या पिल्लाला थंडीत आपला कोट देतो. तसा. वरून काटे, आतून लोणी.”

“आतून कुणी बघितलं?”

सून आणखी हसली. तिला वाटलं, सासूबाई विनोद करताहेत.

“आणि म्हातारी असली तर?” मावशींनी विचारलं. “तिलाही कर्मजनच म्हणायचं का?”

सुनेने दुसरी बशी घेतली. “म्हणायला हरकत नाही. पण सहसा म्हाताऱ्यांनाच म्हणतात. बायकांसाठी दुसरे शब्द आहेत.”

“तेही प्रेमाचेच?”

“नाही,” सून बशी पुसत म्हणाली. “ते प्रेमाचे नाहीत.” आणि मग आवाज खाली आणून, “आई, तुम्ही बाबांना सांगू नका हं. किती खूश झालेत बिचारे.”

संध्याकाळी मावशी त्या दोघांना बसपर्यंत पोचवायला गेल्या. सून पुढे खिडकीवर तिकिटं काढत होती. मावशींनी मुलाच्या हातातली पिशवी उगीच धरून ठेवली.

“तुझी मावशी म्हणतेय, तिच्याकडे ये म्हणून.”

“मग जा की. चार दिवस जाऊन ये.”

“चार दिवस नाही रे. राहायलाच.”

त्याने आईकडे पाहिलं. क्षणभर मावशींना वाटलं, आता हा म्हणणार. जेवताना खाली घातलेली ती मान वर होणार आणि हा म्हणणार.

“आणि बाबा?” तो म्हणाला. “आई, या वयात हे काय? बाबा तसेच आहेत, पण ही काय म्हणाली? कर्मजन. बरोब्बर शब्द आहे. मनाने वाईट नाहीत गं ते.”

लहानपणी तापात कुडकुडायला लागला की मावशी त्याच्या अंगावर गोधडी टाकायच्या. आता त्याने तो शब्द तसाच सगळ्यावर टाकला, टोकं खोचली आणि बसमध्ये चढला. खिडकीतून दोघांनी हात हलवले. मावशीही हलवत राहिल्या.

बहिणीला त्यांनी लगेच फोन केला नाही. आता मुलाला न विचारताच जायचं, असं मनाशी म्हणत त्यांनी दोनेक दिवस काढले. जुन्या पत्र्याच्या पेटीतली आपली दोन लुगडी झटकूनही ठेवली. आणि घरात भलतंच सुरू झालं.

आधी नळ. स्वयंपाकघरातला नळ कधीपासून गळत होता. मावशींनी आवाज कमी व्हावा म्हणून खाली फडकं घालून ठेवलं होतं. एका सकाळी नाहीसाहेब हातात पाना घेऊन आले.

“कामाच्या माणसाच्या घरात नळ गळतो म्हणजे काय?” ते म्हणाले. मावशींना नाही, नळालाच.

नळ झाला. मग दाराची कुरकुरणारी बिजागरी झाली, खिडकीची खिट्टी झाली. चहा प्यायल्यावर कप त्यांनी स्वतः विसळला, आणि विसळलेला कप कुठे ठेवायचा हे न कळून हातात धरून उभे राहिले. शेजारणीच्या गॅसची नळी बदलून दिली. ती थँक्यू म्हणाली तर, “अहो त्यात काय. सून मला कर्मजन म्हणते.” शेजारीण मावशींना जिन्यात गाठून म्हणाली, “मावशी, साहेबांनी काही औषध सुरू केलंय का? आमच्या ह्यांनाही लिहून द्या.”

एक दिवस बोचकं घेऊन ते स्वतःच टेलरमास्तरांकडे गेले. मास्तर तोंडात टाचण्या धरून कोट बेतत होते. त्यांनी आधी टाचण्या काढून ठेवल्या, न जाणो, गिळल्या जातील.

“साहेब, तुम्ही?”

“का? हिने किती ओझी वाहायची?”

दुसऱ्या दिवशी मास्तर मावशींना म्हणाले, “मावशी, खरं सांगा. साहेबांना डॉक्टरने काही मुदतबिदत दिलीय का? म्हणजे मी जरा नीट बोलत जाईन.”

मावशी हसल्या. पण रोज सकाळी, दूध तापवताना नासलं तर नाही ना म्हणून बघावं, तशा त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत. नासलेलं नसायचं. मग दुपारपर्यंत बरं जायचं. संध्याकाळी पुन्हा धाकधूक.

आणि मग ती दुपार. मावशी एका काळ्या कोटाची काजं करत होत्या. काळ्या कापडावर काळा दोरा, डोळ्यांची परीक्षा. मागे आरामखुर्ची करकरली. आता दोऱ्याच्या आवाजावरून काहीतरी ऐकावं लागणार म्हणून त्यांचे खांदे आपोआप वर आले.

“दमलीस का?” नाहीसाहेबांनी विचारलं.

सुई बोटात गेली. बोट तोंडात घालून मावशी तशाच बसल्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना मास्तरांनी विचारला होता, शेजारणीने विचारला होता, एकदा बसमधल्या एका अनोळखी बाईने विचारला होता.

“नाही,” त्या म्हणाल्या, आणि तो शब्द कुणाचा ते आठवून त्यांना हसू आलं. पाठीमागे नाहीसाहेबही हसले. कशाला हसले ते त्यांना माहीत नसावं. पण हसले.

त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला.

“ताई, नर्सला काय सांगू? ती आज पैसे घेऊन दारात उभी आहे.”

मावशी स्वयंपाकघरात नळाकडे तोंड करून उभ्या होत्या. नळ गळत नव्हता. बाहेर नवरा रेडिओ हळू करत होता. मुद्दाम, ही फोनवर आहे म्हणून.

“दे तिला खोली,” मावशी म्हणाल्या.

“काय?”

“दे. इथे जरा... बरं चाललंय.”

“बरं म्हणजे? मेला मुडदा गाणं म्हणतो काय?”

“तसं नाही गं. पण माणूस बदलतो.”

“ताई, तू वेडी आहेस का?” बहीण म्हणाली. “मी तिला एकदा हो म्हटलं की मग हाकलून देणार नाही हं.”

“दे,” मावशी पुन्हा म्हणाल्या.

कारखान्यातल्या निवृत्त कामगारांचा दर वर्षी मेळावा व्हायचा. आमंत्रण यायचं आणि नाहीसाहेब ते चुरगळून टाकायचे. यंदा त्यांनी ते कपाटाच्या आरशाला खोचून ठेवलं. नवीन निवृत्त झालेल्यांनी स्टेजवर जाऊन स्वतःविषयी दोन शब्द बोलायचे, अशी तिथली पद्धत. ते निवृत्त होऊन काळ लोटला होता, पण कधी गेलेच नसल्यामुळे त्यांची पाळी शिल्लक होती.

“तू पण चल,” ते म्हणाले. “सगळ्यांच्या बायका येतात.”

मावशी त्यांचा शर्ट इस्त्री करत होत्या. “काय बोलणार तिथे?”

“हेच. माझी सून मला कर्मजन म्हणते. बस. पुढे काही बोलायची गरजच नाही.”

इस्त्री कॉलरवर थांबली. कापड पिवळं पडायच्या आत मावशींनी ती उचलली.

“अहो, ते नका सांगू.”

“का?”

“आपलं कौतुक आपणच करायचं, बरं दिसत नाही.”

“मग कोण करणार?” ते खुर्चीवर टेकले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मावशींना ऐकणं जड गेलं. “निरोपसमारंभाच्या दिवशी तू नव्हतीस. सगळे बोलले. काय बोलले माहीत आहे? एकाने माझी नक्कल केली. खिडकीशी कोण येतो आणि मी कसं नाही म्हणतो त्याची. साहेबलोक पोट धरधरून हसले. मग छत्री दिली. कोठीत एवढी वर्षं एक खिळा कमी पडू दिला नाही मी. त्याबद्दल एक वाक्य कुणी बोललं नाही.” त्यांनी आरशाकडे पाहिलं. “ही पोर बोलली. चार घास माझ्या पंगतीला बसून खाल्ले आणि बोलली.”

सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलंही. पण सांगितलं असतं, की त्याच घडीला आठी परत आली असती, कप परत तसाच टेबलावर राहिला असता, आणि ‘दमलीस का’ हे दोन शब्द जगातून गेले असते. तिथे कुणाला एवढं इंग्रजी येतंय, असं मावशी स्वतःला म्हणाल्या. सगळे कोठीतले, भट्टीवरचे, लेथवरचे लोक. टाळ्या वाजवतील आणि चहा प्यायला उठतील. त्यांनी कॉलर उलटी करून पुन्हा इस्त्री केली, जरूर नसताना.

हॉलमध्ये खुर्च्या गच्च भरल्या होत्या. बायका मागच्या बाजूला. सूत्रसंचालन जुना युनियनवाला करत होता, त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. “आणि आता,” तो म्हणाला, “ज्यांनी आपल्याला आयुष्यात कधीही काहीही दिलं नाही, ते...” हॉल एकजात ओरडला, “नाहीसाहेब!”

नाहीसाहेब स्टेजवर गेले. हसत गेले. ते पाहूनच हॉल जरा गप्प झाला. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

“मी बोलणारा माणूस नाही. तुम्ही मला काय म्हणता ते मला माहीत आहे. पण माझी सून शिकलेली आहे. तिने एका जेवणात मला ओळखलं. ती मला म्हणाली, बाबा, तुम्ही कर्मजन आहात.”

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या. मावशींचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पुढच्या रांगेत, मोठ्या साहेबांच्या ऑफिसात टायपिंगला असलेल्या जुन्या बाई होत्या, त्यांनी तोंडावर रुमाल धरला. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांना आवरेना, एवढंच. शेजारच्याने विचारलं, त्यांनी कानात सांगितलं. त्याने पलीकडच्याला. हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत, खुर्च्यांवरून सरकत मागे मागे येताना मावशींना दिसत होतं. युनियनवाला वाकून ऐकून आला आणि त्याने माईक ओढून घेतला.

“साहेब! अहो साहेब, तो इंग्रजी शब्द आहे! खडूस म्हातारा! पोरीने बरोब्बर ओळखलंय!”

हॉल कोसळला. लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यात दुष्टावा नव्हता. उलट, एवढ्या प्रेमाने त्या हॉलने नाहीसाहेबांकडे कधी पाहिलं नसेल. कुणीतरी ओरडलं, “कर्मजन, स्क्रू द्या!” मावशींच्या आजूबाजूच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या.

नाहीसाहेब स्टेजवर उभे होते. त्यांची नजर मागच्या रांगांकडे आली. बायकोला शोधत. ती सापडली. सगळा हॉल हसत होता, आणि ती एकटी हसत नव्हती. तिला नवलही वाटलेलं नव्हतं. ती नुसती बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून, बऱ्याच दिवसांपासून वाट बघत असल्यासारखी.

त्यावरून त्यांना कळलं.

परत येताना ते पुढे, मावशी मागे. घरी आल्यावर त्यांनी शर्ट काढून खुर्चीवर टाकला.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून.”

“आणि हसत होतीस.”

“नाही हो.”

“मग काय करत होतीस?”

मावशी उभ्याच होत्या. खूप बोलता आलं असतं. नळाविषयी, बोचक्याविषयी, त्या दुपारविषयी. “मला बरं वाटत होतं,” त्या म्हणाल्या.

“बरं वाटत होतं,” नाहीसाहेब म्हणाले. “माझं हसं झालेलं बघून.”

ते आरामखुर्चीत बसले. खुर्ची करकरली. मावशींनी चहा आणून ठेवला. कढत होता का कोमट, त्यांनी सांगितलं नाही. तो तसाच निवला, आणि त्यावर साय धरली.

आधी ते खेकसायचे. आता खेकसणंही बंद झालं. जे विचारावं त्याला ‘नाही’, आणि त्यानंतर सबंध दिवस काही नाही. पूर्वीची कुरकुर म्हणजे घरात कुणीतरी बोलत होतं, हे मावशींच्या तेव्हा लक्षात आलं. सुनेचा फोन आला. तिला कुठूनसं कळलं होतं.

“आई! बाबांनी खरंच स्टेजवर सांगितलं? अय्या, किती गोड!”

पाठीमागून मुलाचं हसणं ऐकू येत होतं. “बाबांना दे ना,” तो म्हणाला. मावशींनी फोन पुढे केला. नाहीसाहेबांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

“झोपलेत,” मावशी म्हणाल्या. मग एकदम, “अरे, मी काय म्हणते, मला जरा तुमच्याकडे...”

“आवाज तुटतोय आई. बरं, कर्मजनांना सांभाळ हं!”

एका दुपारी त्यांनी बहिणीला फोन लावला. पलीकडून तरुण, गोड आवाज आला.

“मावशी गच्चीवर कपडे वाळत घालतायत. मी वर राहते ना, नर्स. तुम्ही ताई का? तुमच्याबद्दल सारखं सांगत असतात त्या. बोलवू का? का काही निरोप देऊ?”

मागे ऊन असणार, आणि गच्चीतली ती खुर्ची. आता तीत पोरगी बसत असेल, रात्रपाळीहून आली की पाय वर घेऊन.

“काही नाही,” मावशी म्हणाल्या. “सहज केला होता.”

थंडी सुरू झाली, कोटांचे दिवस आले. मास्तरांच्या दुकानात मावशींनी बोचकं सोडलं, मास्तरांनी दुसरं पुढे सरकवलं.

“एवढे उद्यापर्यंत हवेत मावशी.”

“नाही.”

“बरं, परवा.”

“नाही.”

“अहो, गिऱ्हाईक अडलंय. निदान हा एक तरी, काळा.”

“काळा तर मुळीच नाही. आणि दोरा कसला दिलात हा? कुर्र कुर्र वाजतो नुसता.”

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. दुकानात बसलेलं गिऱ्हाईक मावशींकडे बघत होतं. मास्तरांनी त्याला डोळा घातला. मावशी तरी बोचकं काखेत मारून बाहेर पडल्या आणि पायरीवर चप्पल घालत होत्या, तेव्हा आतून मास्तरांनी त्यांच्यासाठी एक शब्द वापरला. आपल्याच भाषेतला होता, लगेच कळला. गिऱ्हाईक हसलं.

मावशी घरी आल्या. नाहीसाहेब भिंतीकडे तोंड करून बसलेले. स्वयंपाकघरात नळ गळत नव्हता. तेवढा दुरुस्त झाला तो झालाच. खाली घातलेलं ते फडकं अजून तिथेच होतं, वाळून कडक झालेलं. त्यांनी ते उचललं नाही. स्टूल ओढून त्या खिडकीपाशी बसल्या, आणि बोचक्यातून काळा कोट आधी काढला.